आगोटीची बेगमी



वैशाख सरत आला की आपल्या पिरनवाडीत एक दृश्य हमखास दिसते. गच्चीवर, अंगणात, घराच्या पत्र्यावरसुद्धा जुनी लुगडी पसरलेली असतात आणि त्यांवर पापड, सांडगे, कुरडया, शेवया, मिरच्या, हळद यांची वाळवणे मांडलेली असतात. एखादे लहान मूल हातात काठी घेऊन कावळ्यांवर पहारा करीत असते. आणि त्या पहारेकऱ्यानेच दोन-चार ओले सांडगे गट्ट केलेले असतात, हेही आपणांस ठाऊक आहे. दुपारी तीनच्या सुमारास खानापूरच्या बाजूने काळे ढग वर येतात, वळिवाचा पहिला गार वारा सुटतो आणि घरोघरी एकच धावपळ उडते. ही सारी खटपट कशासाठी? तर पावसाळ्याच्या बेगमीसाठी.

बेगमी म्हणजे पुढील काळाची तरतूद. पावसाळ्याच्या तोंडाला कोकणात आगोट म्हणतात. म्हणून ही 'आगोटीची बेगमी'. माझी मातृभाषा कोंकणी. आमच्याकडे गोव्यात याच तरतुदीला 'पुरुमेंत' असे नाव आहे. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'प्रोव्हिमेंतो' या शब्दावरून आला. त्याचाही अर्थ तरतूद हाच. मडगावास पावसाळ्यापूर्वी चर्चच्या फेस्ताच्या निमित्ताने 'पुरुमेंताचें फेस्त' भरते. मिरच्या, सुकी मासळी, चिंच, आमसुले, कडधान्ये यांची तेथे मोठी खरेदी होते. शब्द निरनिराळे, धर्म निरनिराळे. पण आकाशाकडे पाहून घरातील डबे मोजणारी गृहिणी सर्वत्र एकच.

लहानपणी मी माझ्या आजीचे पुरुमेंत पाहिले आहे. तिच्या कोठीच्या खोलीत शेणाने सारवलेली बांबूची कणगी असे व तीत उकड्या तांदळांचे भात. आढ्याला कांद्यांच्या माळा टांगलेल्या. मडक्यांत मीठ लावलेली चिंच, बरणीत सोलां, टोपलीत लाल मातीत घोळून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, आणि एका घट्ट तोंडाच्या डब्यात खारे बांगडे व सुकी सुंगटे. भर आषाढात चार चार दिवस घराबाहेर पाऊल टाकणे अशक्य होई, तेव्हा त्या खोलीतून रोज काही तरी नवे बाहेर येई. आम्हां मुलांना ती खोली म्हणजे जादूची गुहा वाटे. ती जादू नव्हती, ते शास्त्र होते, हे मला फार उशिरा आणि थोडी किंमत मोजून कळले.

कोणी म्हणेल, "बाई, हे जुन्या काळचे झाले. आता कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान आहे. घरात धान्याची कोठारे कशाला हवीत?" प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर आपल्या परिसरातच शोधू.

आपल्या गावावरून जांबोटीकडे रस्ता जातो, तो पुढे कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटात उतरतो. त्या पट्ट्याच्या दक्षिणेस, खानापूर तालुक्यातील भीमगडच्या अरण्यात गवाळी, कोंगळा, पास्टोली, अमगाव अशी लहान लहान गावे आहेत. पावसाळ्यात तेथील नाल्यांना पूर आला की बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध तुटतो. म्हणून तेथील लोक मृग लागण्यापूर्वीच तांदूळ, मीठ, तेल, डाळी घरात आणून ठेवतात. त्यांच्या दृष्टीने बेगमी ही हौस नव्हे. घरची चूल त्यावरच पेटते.

आणि आपण तरी हमरस्त्यावर राहून निर्धास्त आहोत काय? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांना महापूर आला. पुणे-बंगळूर हा एवढा मोठा राष्ट्रीय महामार्ग, पण तोही कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद पडला. पुन्हा जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी याच महामार्गावर आले. त्या दोहोंच्या मधल्या वर्षी, २५ मार्च २०२० पासून, पावसाचा थेंबही नसताना साऱ्या देशाची दारे साथीच्या रोगामुळे बंद झाली. तीन वर्षांत तीन वेळा आपल्याला एकच धडा मिळाला : दुकान जवळ असणे निराळे आणि दुकानात माल येणे निराळे.

आता माझ्या स्वतःच्या फजितीची हकीकत सांगते. २०१९ च्या मे महिन्यात मी प्रथमच या घरात बेगमी केली. तांदूळ, हुलगे व शेंगदाणे गच्चीवर कडक उन्हात घातले. दुपारी अचानक वळिवाचे ढग आले. मी धावत जाऊन तापलेले धान्य गोळा केले, तसेच पत्र्याच्या डब्यांत भरले आणि झाकणे घट्ट लावून टाकली. आजीची नात शोभले, असे मनाशी म्हणून मोठी धन्यता मानली. ऑगस्टमध्ये झड लागली, रस्ते बंद झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा मी मोठ्या विश्वासाने ते डबे उघडले. आतून कुबट, उष्ण असा वास आला. तांदळाच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि शेंगदाण्यांवर हिरवट बुरशी चढली होती. ज्या दिवसासाठी साठा केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरला!

शेजारच्या वयस्क आजींनी डब्यात डोकावून एकच प्रश्न विचारला, "उन्हातून काढल्यावर धान्याला रात्रभर सावली दाखवली होतीस काय?" मी मान खाली घातली. त्यांनी घरात जाऊन पायलीभर नाचणी आणि शेरभर हुलगे आणून माझ्या ओट्यावर ठेवले. तो आठवडा आम्ही नाचणीच्या भाकरीवर आणि हुलग्याच्या कळणावर काढला. त्या एका प्रश्नात किती शास्त्र भरलेले आहे, ते आता पाहू. मी कला शाखेची पदवीधर. तेव्हा पुढील विवेचनात जे शास्त्र आहे, ते आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षकांना वारंवार त्रास देऊन समजून घेतलेले आहे.

धान्य नासते म्हणजे नेमके काय होते? बुरशी, जंतू व किडे हे आपल्याआधी ते खाऊ लागतात. या सर्वांना जगण्यासाठी पाणी लागते. आपल्या डोळ्यांना कोरडा दिसणारा दाणादेखील पोटात पाणी बाळगून असतो. शंभर किलो धान्यात ते पाणी सुमारे बारा किलो किंवा त्याहून कमी असेल, तर बुरशीला त्यात मूळ धरता येत नाही. पंधरा-सोळा किलोंच्या पुढे गेले की तिचे फावते. पापड, आमसूल, खारा बांगडा, लोणच्यातील कैरी यांत मीठही हेच काम करते. ते पाण्याला आपल्याशी बांधून ठेवते आणि जंतूंच्या वाट्याला येऊ देत नाही. साखरेच्या वा गुळाच्या पाकाचा न्यायही तोच. तात्पर्य, आपण डब्यात धान्य साठवितो असे म्हणतो, पण खरोखर साठवावयाचा असतो तो कोरडेपणा.

माझी चूक कोठे झाली, हेही यावरून उलगडते. तापलेला दाणा डब्यात गेल्यावरही वाफ सोडीत असतो. रात्री पत्रा गार पडला की, भाताच्या पातेल्याच्या झाकणाला आतून थेंब धरतात, तसे थेंब डब्याच्या झाकणाला धरतात आणि परत दाण्यांवर गळतात. झाकण जितके घट्ट, तितका हा पाऊस आतल्या आत सुरक्षित! म्हणून उन्हातून काढलेले धान्य घरात, कोरड्या जागी, पसरून पूर्ण निववावे आणि मगच भरावे. 'सावली दाखविणे' ते हेच.

धान्य पुरेसे वाळले की नाही, हे ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. ती तुम्ही घरी अवश्य करून पाहा. काचेची स्वच्छ, पूर्ण कोरडी बरणी घ्या. साधे मीठ तव्यावर परतून कोरडे करा व गार होऊ द्या. बरणीचा तिसरा हिस्सा धान्याने भरून त्यात दोन-तीन चमचे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटे स्वस्थ ठेवा. मीठ बरणीच्या कडांना चिकटले, तर धान्यात पाण्याचे प्रमाण शेकडा पंधराच्या वर आहे असे समजा. मीठ मोकळे राहून तळाशी पडले, तर ते त्याहून कमी आहे. मात्र दीर्घ मुदतीच्या साठ्यासाठी एवढ्यावर थांबू नये. या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या धान्यासही आणखी एक-दोन कडक उन्हे द्यावीत. आपल्या भागात वळिवाचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो. म्हणून वाळवण सकाळी लवकर घालावे व ढगांची वाट न पाहता दुपारीच आत घ्यावे.

दुसरा शत्रू कीड. तांदळातील सोंडे तुम्ही पाहिलेच असतील. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण किडा होण्यास सुमारे एक महिना लागतो आणि एक मादी दोन-तीनशे अंडी घालू शकते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत एका जोडीची प्रजा किती होईल, हे गणित मी तुमच्यावर सोपविते. यावर आपल्या आज्यांनी जे उपाय शोधले, त्यांत फार मर्म आहे. डाळींना व कडधान्यांना एरंडेलाचा हात लावतात. त्या पातळ थराने किड्यांच्या अंड्यांचा श्वास कोंडतो. कडधान्यांत चाळलेली कोरडी राख मिसळतात; राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरील मेणासारखे आवरण खरवडतात, त्याच्या अंगातील पाणी उडून जाते आणि तो वाळून मरतो. म्हणजे येथेही लढाई कोरडेपणानेच जिंकली! कडुनिंबाचा पाला घालावयाचा असेल, तर तो सावलीत पूर्ण वाळवून घालावा. ओला पाला घालणे म्हणजे शत्रूला पाणी पाजणे होय.

येथे एक धोक्याची सूचना देणे मला अगत्याचे वाटते. धान्यात ठेवण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या वापरतात. त्यांतून निघणारा वायू माणसाचाही प्राण घेतो. राहत्या घरात, विशेषतः निजण्याच्या खोलीत, त्या कदापि ठेवू नयेत. किडा परवडला, विष परवडत नाही.

आपल्या पूर्वजांनी मोठ्या प्रमाणावर साठा करण्यासाठी जमिनीत पेवे खणली. पेवाच्या तळाशी व भोवती कडबा किंवा भूस घालीत, धान्य भरून तोंड मातीने लिंपून टाकीत. आत दाणे व किडे श्वास घेत राहतात, प्राणवायू सरत जातो, कर्बवायू वाढतो आणि कीड आपोआप गुदमरते. यासाठीच पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसत. ते बराच वेळ उघडे ठेवून प्रथम पेटता दिवा आत सोडीत. दिवा विझला तर हवा विषारी, हे उघड. पण दिवा जळतो म्हणून धोका नाही, असेही धरून चालू नये. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरले आणि फार मोठे नुकसान झाले. पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडलेली युक्तीही पाण्यापुढे हरली. ज्या घरात पूर येण्याचा संभव आहे, तेथे बेगमीचे डबे जमिनीवर न ठेवता माळ्यावर किंवा उंच फळीवर ठेवावेत, हा यातील बोध.

आता किती साठवावे? प्रौढ माणसास दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम धान्य, ८० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ३० ग्रॅम तेल असा ढोबळ हिशेब धरू. पाच माणसांच्या घराला पंधरा दिवसांसाठी ३० किलो धान्य, ६ किलो डाळी-कडधान्ये, सव्वादोन किलो तेल, शिवाय एक किलो मीठ व दोन किलो गूळ लागेल. एवढे सामान एका फळीवर मावते. याखेरीज एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सुके अन्न शिजविण्यास स्वच्छ पाणी व जळण लागते, आणि आपत्तीत नेमकी तीच दुर्मिळ होतात. म्हणून आपल्या बेळगावकडचे चुरमुरे, पोहे, फुटाणे, गूळ, भाजलेल्या धान्याचे पीठ असे न शिजविता खाता येणारे पदार्थ आणि झाकलेले पिण्याचे पाणी हेही बेगमीत असावे.

केवळ पोट भरणे पुरेसे नाही, याचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचे आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात १९२२ पासून आहे. त्यापूर्वी, पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील कूत या गावी ब्रिटिश व हिंदी फौज तुर्की वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणींचे जवानही होते. सेनापती टाउनशेंड यांनी आपल्याजवळील धान्याचा प्रारंभीचा अंदाज फार कमी धरला; त्यांना सोडविण्यास येणाऱ्या फौजेने घाईने हल्ले चढविले व तिची मोठी हानी झाली. पुढे गावातील घरांची झडती घेतली, तेव्हा पुष्कळ धान्य सापडले! पण ताज्या भाजीपाल्याअभावी अनेक हिंदी सैनिकांना स्कर्व्ही नावाच्या रोगाने ग्रासले. हा रोग क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो. अखेर फौजेला शरण जावे लागले. या प्रसंगातून आपण दोन धडे घेऊ. पहिला : आपल्या घरात काय व किती आहे, हे लिहून ठेवावे. दुसरा : सुक्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, पण तीच मटकी, तेच मूग, तेच हुलगे भिजवून मोड आणले की ते त्यांत निर्माण होते. भाजी मिळत नसेल, तेव्हा मोड आलेली कडधान्ये हीच घरातील बाग समजावी. वाळविलेला आवळाही जवळ असावा.

प्रत्येक पदार्थाचे आयुष्य सारखे नसते. नाचणी बारीक व कणखर. किडीस सहसा दाद देत नाही व नीट वाळविल्यास वर्षानुवर्षे टिकते. सडलेला पांढरा तांदूळ वर्षभर सहज राहतो. हातसडीच्या तांदळातील कोंड्याचे तेल मात्र लवकर खवट होते. गव्हाचे पीठ पावसाळ्यात महिना-दोन महिन्यांच्या पलीकडे ठेवू नये, गहू ठेवावेत. कडधान्ये वर्षानंतर खराब होतातच असे नाही, पण शिजता शिजत नाहीत. म्हणून प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख लिहावी. जुने पुढे घ्यावे, नवे मागे ठेवावे आणि जितके वापरले तितके पुन्हा भरावे. जो साठा रोजच्या जेवणात फिरत नाही, तो साठा नव्हे, ती अडगळ होय.

आणि बुरशीविषयी दोन शब्द. माझ्या त्या बुरसलेल्या शेंगदाण्यांना धुऊन, भाजून वापरावे, असा मोह मला झाला होता. पाच किलो शेंगदाणे फेकणे शिक्षिकेच्या पगाराला जड जाते. परंतु बुरशी धुतली जाते, तिने सोडलेले विष नव्हे. शेंगदाणे व मका यांवर येणाऱ्या एका बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर आघात करते आणि घरच्या शिजविण्याने वा भाजण्याने पुरते नाहीसे होत नाही. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागात बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांच्याजवळ दुसरे अन्न नव्हते, म्हणून त्यांनी तो मका खाल्ला. हे वाचल्यावर मला कळले की, धान्य नीट वाळविणे हे काटकसरीचे काम नव्हे. तो जीवनमरणाचा प्रश्न आहे. बुरशी आलेले धान्य माणसाला नको, तसे गुराला आणि कोंबड्यांनाही नको.

शेवटी एक शंका राहते. सगळ्यांनीच घरात धान्य भरून ठेवले, तर ती साठेबाजी नव्हे काय? नाही, मात्र वेळ पाळली तर. मार्च २०२० मध्ये दुकानांपुढे जी झुंबड उडाली, ती आठवा. ज्यांच्या खिशात पैसे होते, त्यांनी पोतीच्या पोती उचलली. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, तो संध्याकाळी पिशवी घेऊन गेला तो रिकाम्या फळ्या पाहून परतला. संकट आल्यावर जमविणे म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातले घेणे. सुगीत, मुबलकता असताना, जरुरीपुरते जमविणे ही बेगमी होय. कारण बेगमी केलेले घर संकटाच्या दिवशी दुकानाच्या रांगेत उभे राहत नाही. त्याची जागा दुसऱ्याला मिळते.

माझी आजी कणगी भरली की एक पायली भात निराळे काढून ठेवी. ते कोणासाठी, असे विचारले तर म्हणे, "ज्याला लागेल त्याच्यासाठी." २०१९ च्या त्या ओल्या सकाळी माझ्या ओट्यावर आलेली नाचणी अशाच कोणा घरातली 'निराळी काढलेली' पायली होती. त्यानंतर दर वर्षी मी मीठ-बरणीची चाचणी करते, धान्याला रात्रभर सावली दाखविते, आणि सगळे डबे भरून झाले की एका लहान डब्यावर तारीख घालून, नाव मात्र कोरे ठेवते.

या सुटीत तुम्ही आपल्या आजीच्या शेजारी बसा. वाळवण राखताना दोन सांडगे खाल्लेत तरी चालतील. पण तिला विचारा की, हुलगे कसे ठेवतेस, राख कोणती घेतेस, डबा कधी बंद करतेस. तिची उत्तरे वहीत उतरून घ्या. तीही बेगमीच आहे, आणि ती करावयास मृग लागण्याची वाट पाहावी लागत नाही.